खेळ बिघडलेला नसतो



या मालिकेसाठी विषय काय घेणार असं मला फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "जुने कॉम्प्युटर गेम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाहीत, ते कसे चालवायचे." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या बाई नम्रपणे म्हणाल्या, "सर, आम्हाला वाटलं होतं तुम्ही सरहद्दीवरचे अनुभव सांगाल." मी म्हटलं, सांगेन की. एक सरहद्दीचा अनुभव यात आहे. पण तो शेवटी येईल, आणि त्यात शौर्य वगैरे काही नाही. माझी चूक आहे.

माझी ओळख थोडक्यात करून देतो. मी बी. एस्सी. झालो, 1981 साली सैन्यात गेलो आणि 32 वर्षांनी कर्नल म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी सिग्नल्समध्ये. आमचं ब्रीदवाक्य आहे 'तीव्र चौकस'. महूला कोर्सेस केले, तेव्हापासून हा माळवा आवडला, म्हणून निवृत्तीनंतर इंदूरला घर केलं. वय 66. नातवंडं अजून नाहीत, तेव्हा नातवासाठी गेम शिकलो असा समज करून घेऊ नका.

सिग्नल्सचं काम म्हणजे दोन ठिकाणांमधलं बोलणं चालू ठेवणं. समजा दोन ठाण्यांमध्ये आठ किलोमीटर केबल टाकलेली आहे. रात्री दोन वाजता फोन मुका होतो. नवा लाइनमन काय करतो? हातात केबल धरतो आणि या टोकापासून फूट फूट तपासत चालायला लागतो. जुना लाइनमन सरळ मधोमध जातो. तिथे आपला फोन जोडून मागे बोलून बघतो. मागे बोलणं होतंय? म्हणजे मागचे चार किलोमीटर ठीक, बिघाड पुढच्या चारमध्ये. मग त्या चारचा मध्य. असं चार वेळा केलं की आठ किलोमीटरचे पाचशे मीटर उरतात. मग तेवढंच चालायचं.

ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवलीत तर आजच्या भाषणातलं निम्मं काम झालं. राहिलेलं निम्मं म्हणजे बिघाड म्हणजे नेमकं काय, हे समजून घेणं. ते मला एका शाळकरी मुलाने शिकवलं. म्हणजे शिकवायला तो आला नव्हता, रडकुंडीला येऊन आला होता.

आमच्या शेजारी अकरावीतला एक मुलगा राहतो. यंदाच्या सुरुवातीला एका संध्याकाळी दारात उभा. "अंकल, मेरा प्लेन गायब है." मला आधी वाटलं, ड्रोन वगैरे हरवलं असेल. तर ते गेममधलं विमान निघालं. गेम कुठला, तर ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास. 2004 साली प्लेस्टेशन 2 वर आला, 2005 मध्ये कॉम्प्युटरवर. आपल्याकडे तो सायबर कॅफेतून गल्लोगल्ली खेळला गेला. गेम चांगला की वाईट हा वाद इथे नको. त्यात पाण्यावर उतरणारं एक विमान आहे, स्किमर नावाचं. या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर ते दिसत होतं. नव्या लॅपटॉपवर बाकी सगळा गेम व्यवस्थित, फक्त ते विमान नाही.

मी म्हटलं, बस. आणि नवा लाइनमन करतो तेच केलं. गेम काढून पुन्हा टाकायला लावला. एकदा नाही, तीनदा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, रिझोल्यूशन बदललं, कॉम्प्युटरला शिव्या दिल्या. विमान नाही ते नाहीच. दोन संध्याकाळी अशा गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. 32 वर्षं जवानांना जे शिकवलं ते स्वतः विसरलो होतो.

मग कागद घेतला आणि मधोमध जाऊन बघितलं. जुन्या लॅपटॉपवरचा गेमचा फोल्डर जसाच्या तसा उचलून नव्यावर ठेवला. विमान नाही. म्हणजे गेमची प्रत ठीक, फरक मशीनमध्ये. मशीनमध्ये दोन भाग, हार्डवेअर आणि विंडोज. मुलाच्या मित्राकडे तसाच नवा लॅपटॉप होता, पण त्याने विंडोज 11 चं 24एच2 हे अपडेट घेतलेलं नव्हतं. तिथे विमान हजर. म्हणजे हार्डवेअर ठीक. फरक त्या एका अपडेटमध्ये. इथवर मी पोचलो आणि छाती फुगवून जाहीर केलं की दोष विंडोजचा आहे.

साफ चूक. खरं कारण माझ्यापेक्षा कितीतरी हुशार माणसाने शोधलं. जुन्या गेमच्या दुरुस्त्या करणारा 'सायलेंट' या नावाचा एक प्रोग्रॅमर आहे, त्याने 2025 च्या एप्रिलमध्ये सगळा तपास लिहून प्रसिद्ध केला. मी तो चार वेळा वाचला. माझ्या भाषेत सांगतो.

त्या गेममध्ये वाहनांच्या माहितीची एक फाइल आहे. प्रत्येक वाहनाची एक ओळ, ओळीत आकडे. शेवटच्या आकड्यांमध्ये चाकांचं माप. स्किमरच्या ओळीत ते शेवटचे आकडे लिहायचेच राहून गेले. का राहिले? तर आधीच्या गेममध्ये, व्हाइस सिटीमध्ये, हेच विमान होडी म्हणून नोंदलेलं होतं, आणि होडीला चाकं नसतात. पुढच्या गेममध्ये त्याचं विमान केलं, पण आकडे घालायचे विसरले. बरं, गेमनेही तपासलं नाही की आकडे पूर्ण आहेत का. मग वीस वर्षं चाललं कसं?

वर्गात आधीच्या तासाच्या मास्तरांनी फळ्यावर आकडे लिहिले आणि न पुसता गेले. पुढच्या मास्तरांनी आपले आकडे आणलेच नाहीत. मुलांनी फळ्यावर होते तेच वहीत उतरवले. इथे तेच झालं. स्किमरच्या आधी एका व्हॅनची ओळ वाचली जाते. तिच्या चाकांचं माप मेमरीत त्याच जागी पडून राहायचं, आणि स्किमर ते आपलं म्हणून घ्यायचं. म्हणजे वीस वर्षं ते विमान एका व्हॅनच्या चाकांवर उडत होतं, आणि कोणाला पत्ता नव्हता. 24एच2 मध्ये विंडोजने आपलं आतलं काम करण्याची पद्धत थोडी बदलली. मधल्या वेळात ती फळ्याची तीच जागा वापरू लागली. व्हॅनचे आकडे पुसले गेले, तिथे भलतंच काहीतरी आलं, आणि बिचारं विमान अफाट उंचीवर, दिसेनासं झालं.

उपाय किती? त्या ओळीत राहिलेले आकडे लिहिणे. बस. मुलाचं विमान परत आलं, मला चहा मिळाला.

मंडळी, मी दोष दिला विंडोजला. पण विंडोजने चूक केली नव्हती, चूक उघडी पाडली होती. जुन्या गेमच्या बिघाडांमध्ये पुष्कळदा हेच असतं. कधी खरी चूक लपलेली असते. त्याहून जास्त वेळा चूक अशी नसतेच. गेमने काहीतरी गृहीत धरलेलं असतं, ते त्या काळी खरं होतं, आणि आता खरं राहिलेलं नसतं. गेमची सीडी तीच, त्यावरचा एक बिट बदललेला नाही. खेळ बिघडलेला नसतो. त्याच्या भोवतीचं जग बदललेलं असतं. म्हणून "काय तुटलंय" असं विचारू नका. "याने काय गृहीत धरलंय" असं विचारा.

काय काय गृहीत धरलेलं असतं ते एकेक बघू.

पहिलं, मशीनचा वेग. 1981 च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्झवर चालायचा. तेव्हाचे काही गेम घड्याळ बघायचेच नाहीत. मशीन जितकं पळेल तितका गेम पळायचा. मशीन वेगवान झाल्यावर शत्रू दिसायच्या आत तुम्ही मेलेले. 1990 चा विंग कमांडर याबद्दल प्रसिद्ध आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर 'टर्बो' नावाचं बटण असायचं, आठवतंय? पुष्कळांना वाटायचं त्याने वेग वाढतो. त्याचा खरा उपयोग टर्बो बंद करून मशीन मुद्दाम हळू करण्यासाठी होता, असे जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून. त्याच जातीचा आणखी एक किस्सा. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम सुरू होताना मशीन किती वेगवान आहे ते मोजायचे. मशीन फारच वेगवान निघालं की तो हिशोबच कोलमडायचा आणि 'रनटाइम एरर 200' असा संदेश देऊन प्रोग्रॅम बंद. मशीन चांगलं आहे म्हणून प्रोग्रॅम मरतो!

यावर उपाय डॉसबॉक्स. 2002 पासून उपलब्ध असलेला हा फुकट प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरच्या आत एका जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. गेमला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. कंट्रोल आणि एफ 11 दाबलं की सोंगातलं मशीन हळू होतं, कंट्रोल आणि एफ 12 दाबलं की जलद. हाच तो टर्बो बटणाचा नातू.

दुसरं, भाषेची रुंदी. जुने डॉस गेम 16 बिटचे. आजची 64 बिट विंडोज 16 बिटचा प्रोग्रॅम चालवतच नाही, सरळ सांगते की हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. डॉस गेमला पुन्हा डॉसबॉक्स आहेच. पण नव्वदच्या दशकातल्या विंडोज गेममध्ये एक गंमत असते. गेम 32 बिटचा, तो आजही चालू शकतो. पण त्याला कॉम्प्युटरवर बसवणारा सेटअप 16 बिटचा. म्हणजे पाहुणा ठणठणीत आहे, त्याला आणणारा टांगाच चालत नाही. अशा वेळी "गेम चालत नाही" म्हणून सीडी फेकू नका. बिघाड दाराशी आहे, घरात नाही.

तिसरं, रंग. एज ऑफ एम्पायर्स आणि त्याचा दुसरा भाग, 1997 आणि 1999 चे. हे गेम 256 रंगांची एक पेटी घेऊन चालतात. पडद्यावर एका वेळी तेवढेच रंग, आणि कोणत्या नंबरला कोणता रंग ते गेम ठरवतो. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज 7 वर काय व्हायचं, की विंडोजचा डेस्कटॉप चालवणारा एक्सप्लोरर मध्ये हात घालून त्या पेटीतले रंग बदलायचा. गवत जांभळं, पाणी लाल. लोकांना वाटायचं ग्राफिक्स कार्ड गेलं. कार्ड धडधाकट. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर थोडा वेळ बंद करायचा, गेम खेळायचा, नंतर पुन्हा सुरू करायचा, की गवत हिरवं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने याच दुखण्यासाठी नवं कार्ड विकत घेतलं होतं. त्याचं नाव सांगत नाही, तो हे ऐकत असेल.

चौथं, लिहिण्याची परवानगी. विंडोज 98 च्या काळात गेम आपल्याच फोल्डरमध्ये सेव्ह फाइल लिहायचा, कोणी विचारत नसे. व्हिस्टापासून प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरवर पहारा बसला. आता गेम खेळता येतो पण सेव्ह होत नाही, किंवा सेव्ह भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं. उपाय सोपा. जुना गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकूच नका. सी ड्राइव्हवर 'खेळ' नावाचा स्वतंत्र फोल्डर करा आणि तिथे टाका. फोल्डरचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत आणि आठ अक्षरांच्या आत ठेवा. जुन्या गेमना देवनागरी वाचता येत नाही आणि लांब नावं झेपत नाहीत.

पाचवं, सोबती. काही गेम डायरेक्टप्लेसारख्या जुन्या भागावर अवलंबून असतात. तो आज विंडोजमध्ये आहे, पण झोपवून ठेवलेला. 'विंडोज फीचर्स' या यादीत 'लेगसी कंपोनंट्स' म्हणून कप्पा आहे, त्यात डायरेक्टप्लेवर खूण करा. तसंच गेमच्या फाइलवर राइट क्लिक करून 'कंपॅटिबिलिटी' मध्ये गेलात की विंडोज एक्सपी निवडता येतं. म्हणजे काय, तर विंडोज त्या गेमला खोटं सांगते की मी एक्सपी आहे. कधीकधी एवढ्या एका खोट्याने काम होतं.

सहावं सगळ्यात अवघड, सीडीचं कुलूप. 2000 च्या आसपासच्या अनेक गेमवर सेफडिस्क नावाची चोरीविरोधी व्यवस्था होती. सीडी अस्सल आहे की नाही हे तपासायला ती विंडोजच्या अगदी आतल्या भागात आपला माणूस बसवायची. त्या माणसाकडे किल्ल्या फार, आणि त्यातून घुसखोरीला वाट मिळते असं लक्षात आलं. म्हणून 2015 साली आलेल्या विंडोज 10 मध्ये त्याला जागाच दिली नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने आधीच्या विंडोजमध्येही तो बंद केला. परिणाम असा की पैसे देऊन घेतलेली अस्सल सीडी चालत नाही. चिडचिड होते, मान्य. पण फौजी म्हणून सांगतो, पहारा उठवून गेम खेळू नका. गेमच्या कंपनीने नंतर दुरुस्ती काढली असेल तर ती घ्या. नाहीतर त्या गेमची नवी आवृत्ती विकत मिळते का बघा. जीओजी ही पोलंडमधली कंपनी 2008 पासून हेच करते, जुने गेम आजच्या विंडोजवर चालतील असे तयार करून विकते. बऱ्याच डॉस गेमबरोबर तर डॉसबॉक्स आतच जोडून देते.

इथे माझा धडा सांगतो. एक डीएलएल फाइल नाही असा संदेश आला. मी शोधलं, कुठल्यातरी साइटवर ती एकटी फाइल फुकट मिळत होती, घेतली. गेम चालला नाहीच, पण दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप आपोआप जाहिराती उघडायला लागला. सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावी लागली. पेन्शनचे कागद पेनड्राइव्हवर होते म्हणून वाचलो. अनोळखी माणसाने दिलेला डबा आपण रेल्वेत उघडत नाही, मग इथे का उघडतो?

तर पद्धत अशी. काहीही करण्याआधी मूळ फोल्डरची प्रत काढून बाजूला ठेवा. लक्षण नीट लिहा. "चालत नाही" हा रिपोर्ट नव्हे. सुरूच होत नाही, की सुरू होऊन बंद पडतं, की चित्र येतं आवाज येत नाही, की एका ठराविक जागी अडकतं? मग मधोमध जा. दुसऱ्या मशीनवर चालतं का? खिडकीत चालतं पण पूर्ण पडद्यावर नाही, असं आहे का? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्यात आणि गेम चालला, तर तुम्ही जिंकलात पण शिकला नाहीत.

आता ती सरहद्दीची गोष्ट.

2001 ची दिवाळी. मी राजस्थानातून रजेवर घरी आलो. कुटुंब पुण्यात, सेपरेटेड फॅमिली क्वार्टर्समध्ये. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. घरात विंडोज 98 चा कॉम्प्युटर. सहामाहीत त्याला गणितात 100 पैकी 41 मिळाले होते. मी कारण शोधलं, आणि मला ते लगेच सापडलं. कॉम्प्युटरवर प्रिन्स ऑफ पर्शिया होता. त्याच्या मित्राने फ्लॉपीवर दिलेला. तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. तळघरातून निघून 60 मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं.

मी चौकशी केली नाही. मधोमध जाऊन बघितलं नाही. काळा पडदा उघडला आणि 'डेलट्री' ही आज्ञा दिली, फोल्डर मुळासकट उपटणारी. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? मी 'वाय' दाबलं. मुलगा दारात उभा होता. काही बोलला नाही.

रात्री हिने मला सांगितलं, "अहो, तो एकटा नव्हता खेळत. मीपण खेळत होते." रोज संध्याकाळी, स्वयंपाक झाल्यावर, अर्धा तास. धावायचं आणि उडी मारायची त्याने, सुळे कधी वर येतात ते ओरडून सांगायचं हिने. सातवा टप्पा पार करून दोघांनी सेव्ह करून ठेवलं होतं. आठव्या टप्प्यात एक उंदीर येतो असं त्याने शाळेत ऐकलं होतं, आणि तो उंदीर त्याला आईला दाखवायचा होता.

मी काय बोलणार? म्हटलं, पुढच्या रजेत बघू. रजा संपून परत गेलो. 13 डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. सगळं सैन्य सीमेवर. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत आम्ही तिथेच. पुढची रजा मिळायला जवळजवळ वर्ष लागलं. तोवर मुलगा तेरा वर्षांचा झाला होता, दार लावून अभ्यास करायचा, आणि त्याचे गणितातले मार्क वाढले होते. मी समजलो, आपला उपाय लागू पडला. पुढची वीसेक वर्षं मी तसंच समजत होतो. घरात आवाज नव्हता, म्हणून लाइन ठीक आहे असं धरून चाललो. सिग्नल्सच्या माणसाने हे करावं!

स्किमरचं प्रकरण वाचलं त्या रात्री हे सगळं आठवलं. आमच्याकडेही एका ओळीतले आकडे लिहायचे राहिले होते, आणि इतकी वर्षं दुसऱ्याच कशावर तरी निभावत होतं.

माळ्यावरची काळी ट्रंक काढली, पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली. त्यात फ्लॉप्या होत्या, एकीवर मुलाच्या अक्षरात 'प्रिन्स'. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह मागवली. फ्लॉपीचं चुंबकीय लिखाण काळाने पुसट होतं, त्यामुळे फार आशा नव्हती. धीर यावा म्हणून एक खरी हकिकत मनाशी घोकत होतो. प्रिन्स ऑफ पर्शिया लिहिणारा जॉर्डन मेकनर. 1989 चा त्याचा मूळ प्रोग्रॅम त्याच्याचकडे नव्हता, हरवला होता. 2012 मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या डिस्कांची पेटी सापडली, जाणकारांनी त्या वाचल्या, आणि त्याने तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. राजपुत्राच्या धावण्या-उडीसाठी त्याने आपल्या धाकट्या भावाचं चित्रीकरण केलं होतं, आणि संगीत त्याच्या वडिलांनी दिलं होतं. म्हणजे तोही घरातलाच खेळ.

आमची फ्लॉपी पहिल्यांदा वाचली नाही. दुसऱ्यांदा अर्धी. ड्राइव्हचं हेड साफ केलं, तिसऱ्यांदा सगळ्या फाइल आल्या. विंडोजने नेहमीप्रमाणे हे ॲप चालणार नाही म्हणून सांगितलं. डॉसबॉक्स लावलं. राजपुत्र आला, पण फताडा. ही म्हणाली, "हा पूर्वी बारीक होता." बरोबर होतं. जुना पडदा चारास तीन, आताचा रुंद. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये 'आस्पेक्ट' चालू केलं, राजपुत्र पुन्हा सडपातळ झाला. सातव्या टप्प्याचं सेव्ह मात्र नव्हतं. फ्लॉपी मित्राने दिलेली, सेव्ह कॉम्प्युटरवरचं. ते मी पुसलं ते पुसलंच. सगळं परत मिळत नाही, मंडळी. हेही सांगायला हवं.

यंदा दिवाळीला मुलगा बंगळुरूहून आला. 36 वर्षांचा आहे आता. लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवला होता. त्याने बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तेव्हा मी चुकलो होतो. विचारायला हवं होतं." तो म्हणाला, "गेमचं एवढं नव्हतं, बाबा. नंतर संध्याकाळी आईबरोबर काय करायचं तेच कळेना."

मग दोघं बसले. तो धावत होता, ही ओरडत होती, "थांब, सुळे आहेत!" मला सक्त सूचना होती की मध्ये बोलायचं नाही. मी वही घेऊन मागे बसलो. भाऊबीजेच्या संध्याकाळी आठवा टप्पा आला. बाहेर जायचं दार उघडलं, पण मधली जाळी बंद झाली. राजपुत्र अडकला. मुलाने सगळी बटणं दाबून बघितली. काही होईना. मला वाटलं, झालं, डॉसबॉक्स अडकलं, आणि माझा हात वहीकडे गेला. ही म्हणाली, "काही करू नका. जरा थांबा."

काही सेकंद गेले. पलीकडून एक पांढरा उंदीर तुरुतुरु आला, बटणावर चढला, आणि जाळी वर गेली.

वहीत मी त्या दिवसाची नोंद केली आहे: "आठवा टप्पा. बिघाड नाही."

तुमच्या घरी माळ्यावर एखादी सीडी असेल, फ्लॉपी असेल. काढा. आधी प्रत काढा, मग एकेक बघा. अडलं तर विचारा, शेजारच्या अकरावीतल्या मुलालाही विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि ती ज्याची आहे त्याला आधी फोन करा.

जय हिंद.